मुदतीआधी

(मोबाइल कंपनीचं दुकान. सकाळची वेळ, गर्दी नाही. काउंटरपाशी दोन खुर्च्या. एकीवर आई, दुसरीवर तिची लेक. समोर काउंटरवाला.)

काउंटरवाला: ...आणि तिसरी ऑफर अशी, की करार संपेपर्यंत तुम्हाला गाणी फुकट. हवी तेवढी.

आई: गाणी?

काउंटरवाला: हो काकू. जुनी, नवी, सगळी.

आई: अरे बाबा, आम्ही करार मोडायला आलोय आणि तू आम्हाला गाणी काय ऐकवतोस?

लेक: आई, त्यांना ते बोलावंच लागतं.

काउंटरवाला: मॅडम बरोबर बोलल्या. कुणी कनेक्शन सोडायला आलं, की आधी तीन ऑफर द्यायच्या. तिन्हीला 'नको' म्हटल्याशिवाय कॉम्प्युटर मला पुढे जाऊच देत नाही.

आई: मग नको. तिन्ही नको. जा पुढे.

काउंटरवाला: आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.

आई: हेही बोलावं लागतं?

काउंटरवाला: हो.

आई: बरं. पाणी पी आणि कर सुरुवात. दुकान शेजारणीच्या भरवशावर टाकून आलेय मी. एक गिऱ्हाईक पडद्यांसाठी यायचंय, ते तिच्या हाती लागलं तर ती त्याला नको ते सल्ले देऊन पळवून लावेल.

काउंटरवाला: कसलं दुकान आहे काकू?

आई: शिवणाचं. बाजारात चपलांच्या दुकानाला लागून. पँटची उंची कमी करायची असेल, चेन बदलायची असेल तर ये. कंपनीने दिलेला हा शर्ट तुला खांद्यात सैल आहे, तोही घेऊन ये.

लेक: आई.

आई: दिसलं ते बोलले.

काउंटरवाला: तर, हे कनेक्शन काकूंच्या नावावर आहे आणि वापरतात मॅडम. बरोबर?

लेक: बरोबर. घेतलं तेव्हा माझी नोकरी कच्ची होती. तुम्हीच म्हणाला होता, म्हणजे इथे जे कोणी होते ते म्हणाले होते, की आईच्या नावावर घ्या.

आई: माझं नाव पक्कं आहे. नोकरी काय, आज आहे उद्या नाही.

काउंटरवाला: म्हणून मोडायचं तर सही काकूंचीच लागेल. करार दोन वर्षांचा आहे, अजून निम्मासुद्धा झालेला नाही. फोन निम्म्या किमतीत दिला होता तो याच बोलीवर. आता मुदतीआधी सोडायचं तर एकतर दंड भरायचा, नाहीतर ठरलेल्या तीन कारणांपैकी एक कारण हवं. मग दंड माफ.

आई: सांग कारणं.

काउंटरवाला: पहिलं, ग्राहकाचा मृत्यू.

आई: शुभ बोल रे. सकाळची वेळ आहे.

काउंटरवाला: यादीत तसंच आहे काकू. दुसरं, कायमचं परदेशी जाणं. आणि तिसरं...

आई: यातलं काही नाही. तू असं लिही, नोकरी पक्की झाली. हवामान खात्यात. वर डोंगरावर त्यांचं केंद्र आहे, तिथे निरीक्षक म्हणून चाललीय सोमवारी. तिकडे तिला खात्याचा फोन मिळणार, म्हणून हा नको.

काउंटरवाला: अभिनंदन मॅडम! पण नोकरी पक्की झाली हे कारण यादीत नाही.

लेक: तिसरं घाला.

काउंटरवाला: तिसरं कारण आहे, नव्या पत्त्यावर रेंज नसणे.

लेक: हो. तेच.

आई: थांब. कुठे रेंज नाही?

लेक: आई, आपण घरी बोलू.

आई: कुठे रेंज नाही, असं विचारलं मी.

लेक: केंद्रावर.

आई: तू म्हणालीस थोडी कमी असते.

लेक: म्हणाले होते.

आई: थोडी कमी म्हणजे मीठ कमी असतं तशी, असं समजले मी. आणि तो खात्याचा फोन?

लेक: तो आहे. पण तो ऑफिसात आहे. वायरचा. टेबलावर. सगळ्यांना मिळून एक.

आई: सगळ्यांना मिळून एक. ऐकलंस का रे? पंधरा दिवस हिचं सामान भरतेय मी. लोकरीचे मोजे काय, गरम पाण्याची पिशवी काय. आणि ही बया मला हे इथे सांगतेय, परक्या माणसासमोर.

काउंटरवाला: मी थोडं बाजूला होऊ का?

आई: तू बस. तुझ्यामुळे तरी कळलं.

लेक: सांगणारच होते. रोज ठरवायचे. पण तू मोजे दाखवायचीस आणि इतकी खूश असायचीस, की माझं तोंडच उघडायचं नाही.

आई: खूश! मी खूश दिसत होते तुला?

लेक: नव्हतीस?

आई: बाई गं, रडका चेहरा करून कुणी मोजे विणतं का? टाके सुटतात.

काउंटरवाला: काकू, पाणी देऊ?

आई: नको. मला एवढंच सांग, ही सही मी केली नाही तर?

काउंटरवाला: तर करार मोडणार नाही. कनेक्शन चालू राहील, दर महिन्याला बिल येत राहील.

आई: येऊ दे. भरीन मी.

लेक: जिथे लागणारच नाही त्या फोनचं बिल?

आई: माझी मर्जी. आणि आज माझा हात दुखतोय. काल दिवसभर जाड कापडाचे पडदे शिवलेत. सही व्हायची नाही.

लेक: आई, सही नाही केलीस तरी मी सोमवारी जाणारच आहे.

आई: जा ना. मी कुठे अडवलंय? मी फक्त हाताचं सांगितलं.

काउंटरवाला: मॅडम, तसाही एक प्रश्न आहे. मी आत्ता तुमचा नवा पत्ता टाकून बघितला. आमच्या नकाशावर तो सगळा डोंगर हिरवा दिसतोय. हिरवा म्हणजे उत्तम रेंज.

लेक: हिरवा आहे तो झाडांनी.

काउंटरवाला: नाही मॅडम, हा रेंजचा नकाशा आहे.

लेक: मी स्वतः जाऊन आलेय तिथे. शेवटच्या वळणावर फोनातली काडी गेली ती खाली उतरेपर्यंत आली नाही.

आई: नकाशात आहे म्हणजे असणार. एवढी मोठी कंपनी, ती कशाला खोटं बोलेल?

लेक: येताना बसमध्ये काय म्हणत होतीस? 'या कंपनीवाल्यांच्या तोंडी लागू नकोस, धडधडीत खोटं बोलतात, मी बघते त्यांच्याकडे.'

आई: ते येताना.

काउंटरवाला: माझीही अडचण आहे मॅडम. नकाशा हिरवा असताना मी रेंज नाही असं लिहिलं, तर वरून विचारणा होते. आणि आत स्टाफच्या खोलीत एक फळा आहे. कुणी किती गिऱ्हाइकं टिकवली, त्याचा. माझं नाव सगळ्यात खाली आहे.

आई: का रे बाबा?

काउंटरवाला: लोकांनी नको म्हटलं की मला पटकन पटतं.

आई: मग आज पटवून घेऊ नकोस. तुला आम्हाला सोडायचं नाही आणि मला हिला सोडायचं नाही. आपण दोघं एका बाजूचे झालो.

लेक: वा! माझ्या बाजूने भांडायला आली होतीस ना तू?

आई: तेव्हा मला सगळं माहीत नव्हतं.

लेक: आई, ऐक तरी. सहा वर्षं मी खालच्या ऑफिसात बसले. वरून लोक आकडे पाठवायचे, मी ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. पाऊस किती, वारा कुठून, ढग कसले. ढग! माझ्या टेबलाशेजारी एकच खिडकी होती आणि तिच्यात एसीचं खोकं बसवलं होतं. दिवसभर मी ढगांचे आकडे भरायचे आणि बाहेर पडल्यावर मला कळायचं की ओलं झालंय सगळं. मला ते आकडे स्वतः घ्यायचेत. एवढंच.

आई: मला माहीत आहे ते.

लेक: माहीत आहे तर?

आई: माहीत असलं म्हणजे बरं वाटतं असं थोडंच आहे? दहावीत होतीस तेव्हा गच्चीवर रंगाचा डबा ठेवून पाऊस मोजायचीस. माझी दोरीवरची कापडं भिजायची आणि तू डब्यात पट्टी घालून बसलेली असायचीस. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी, की ही एक दिवस वर चढून बसणार.

काउंटरवाला: रंगाच्या डब्यात पाऊस मोजता येतो?

लेक: बरा येतो. तोंड आणि बूड सारखं रुंद हवं फक्त.

आई: तू पण तिला सामील झालास?

काउंटरवाला: नाही काकू, सहज विचारलं. मॅडम, एक वाट आहे. नव्या पत्त्यावरच्या कुणी जबाबदार माणसाने मला फोनवर सांगितलं की इथे रेंज नाही, तर 'नकाशात चूक' अशी नोंद करता येते. मग आमचे साहेब मंजुरी देतात. त्या टेबलावरच्या फोनचा नंबर आहे का?

लेक: आहे. हा घ्या.

आई: तुला पुन्हा पटलं वाटतं.

काउंटरवाला: नियमात आहे काकू... रिंग जातेय. नमस्कार! मी आपल्या मोबाइल सेवा केंद्रातून बोलतोय, आपला थोडा वेळ मिळू... नाही नाही, काही विकायचं नाही. नाही, गाणी नाहीत. ऐका तरी... ठेवला.

आई: ठेवणारच. तुझा आवाजच विकणाऱ्याचा आहे.

काउंटरवाला: पुन्हा लावतो... हॅलो, मघाशी मीच... ठेवला.

लेक: मी बोलू का?

काउंटरवाला: तुम्ही नको मॅडम. नियम आहे, ज्याला करार मोडायचा आहे त्याने...

लेक: करार आईच्या नावावर आहे.

काउंटरवाला: हो, तेही आहे. पण फायदा तुमचा. काकू, तुम्ही बोलता का?

आई: मी? मी कशाला बोलू? मला तर मोडायचाच नाही.

काउंटरवाला: म्हणूनच. तुम्ही मुद्दाम 'नाही' सांगणार नाही, याची साहेबांना खात्री वाटेल.

आई: हुशार आहेस की. फळ्यावर तळाला कसा राहिलास? आण इकडे तो फोन.

काउंटरवाला: सगळ्यांना ऐकू जाईल असा केला असता, पण याचा स्पीकर बिघडलाय. तुम्हीच ऐका आणि मला सांगा.

आई: लागला. हॅलो? ठेवू नका हं, मी काही विकत नाही. मी आई बोलतेय... कुणाची म्हणजे? सोमवारी तुमच्याकडे येतेय तिची... हो, हो, तीच. आपण कोण?... अगबाई, केंद्रप्रमुख! मला वाटलं कुणी पुरुष असतील... नाही नाही, बरंच वाटलं. मग तुम्हाला ताई म्हणते... ताई, एक सांगा, तुमच्याकडे मोबाइलला रेंज आहे का हो?... अजिबात?... कुठेच?... असं... असं होय... अरे, ऐक. आहे म्हणतात. भरपूर आहे.

लेक: आई, 'कुठेच?' असं तूच विचारलंस. आम्ही ऐकलं.

आई: मी विचारलेलं ऐकलंत. त्यांनी सांगितलेलं थोडंच ऐकलंत?

काउंटरवाला: काकू, मी 'आहे' असं लिहू?

आई: लिही की. थांब, त्या काहीतरी बोलतायत... हो ताई, आहे मी... हो, एकटीच. म्हणजे ही गेल्यावर. आता दोघी आहोत... काळजी म्हणजे काय, असणारच ना... तुम्ही किती जण आहात वर?... चौघं. आणि ही पाचवी. स्वयंपाक?... आळीपाळीने? मग हिच्या पाळीला तुमचं काही खरं नाही, आत्ताच सांगून ठेवते... हसताय काय, खरंच सांगतेय... थंडी फार का हो?... भिंती जाड आहेत ना? आणि वीज? गेली तर?... बरं. डॉक्टर?... खाली गावात. जीप आहे. बरं...

लेक: आई, लोकांची कामं असतात.

आई: त्याच म्हणाल्या बोला म्हणून... काय म्हणालात ताई?... आली होती तेव्हा? हो, मला म्हणाली जागा बघून येते... पहिलं?... पहिलं हे विचारलं? खोली कुठली ते नाही? पगाराचं नाही?... बॅग खाली ठेवायच्या आधी?... अच्छा... नाही, मला नाही सांगितलं तिने. ती काही सांगतच नाही मला, हीच तर माझी तक्रार आहे... ताई, एक मिनिट हं, धरून ठेवा. चिमणे.

लेक: काय?

आई: तिकडे गेलीस तेव्हा दारात पाऊल टाकल्याबरोबर काय विचारलंस यांना?

लेक: आठवत नाही.

आई: आठवतंय. कान लाल झालेत तुझे.

लेक: फोन कुठे आहे, असं विचारलं.

आई: आणि?

लेक: आणि संध्याकाळी तो मोकळा असतो का. आकडे पाठवून झाल्यावर.

आई: संध्याकाळीच का?

लेक: का म्हणजे? तू शटर ओढतेस ती वेळ. दुकानातून घरी जायच्या आधी तू खुर्चीवर बसतेस थोडी. दुकानातला फोन तेव्हा हाताशी असतो. दिवसा तुझी मशिन चालू असते, तुला रिंग ऐकूच येत नाही.

आई: आणि त्या काय म्हणाल्या?

लेक: म्हणाल्या, त्या वेळी लागत नाही कुणाला. वापर खुशाल. म्हणून मी हो म्हटलं नोकरीला. नाही म्हणाल्या असत्या तर...

आई: तर काय?

लेक: तर माहीत नाही. विचार करावा लागला असता.

आई: ...हॅलो, ताई? आहे, आहे मी. हो. हो ना. एकुलती एक म्हणजे असंच... तुमच्या आई?... अच्छा. त्यांनी काय केलं मग सुरुवातीला?... पत्रं! रोज? अहो, मग ती यायची कशी वर?... एकदम गठ्ठ्याने. म्हणजे सोमवारचा राग शनिवारी वाचायचा तुम्ही! हसू नका, मीही तेच केलं असतं... बरं, आता मी खरं ते सांगते यांना. अरे, ऐकतोस का?

काउंटरवाला: ऐकतोय काकू.

आई: रेंज नाही. अजिबात नाही. पाण्याच्या टाकीवर चढून हात वर केला तर कधीतरी एक काडी येते, तीही ढग नसतील तर. लिही असंच.

काउंटरवाला: टाकीचंही लिहू?

आई: सगळं लिही. आणि चिमणे, तू टाकीवर चढायचं नाहीस, सांगून ठेवते.

लेक: नाही चढणार.

आई: ताई, हिला टाकीवर चढू देऊ नका... पावसाचं यंत्र तिथेच आहे? टाकीवरच?... रोज चढावं लागतं?... शिडीला कठडा आहे ना?... मग ठीक. धरून चढ म्हणावं... काय म्हणता, मी शिवण करते हे तिने सांगितलं वाटतं तुम्हाला... कोट? सगळ्यांचे? कुठे फाटलेत?... खिसे. खिसे फाटणारच, तुम्ही त्यात हत्यारं घालून फिरत असाल... हो ना, पेन्सिली काय, पकडी काय... सामानाची जीप खाली येते तेव्हा पाठवून द्या. आतून दुहेरी कापड लावून देते, मग दगड घातले तरी फाटायचे नाहीत... छे हो, त्याचं काय एवढं. तुम्ही माझी पोर सांभाळा... सांभाळायची गरज नाही? असं कसं म्हणता, मोजे ओले झाले तरी तशीच बसते ती... बरं. बरं ताई. ठेवते. येईनच एकदा बघायला... हो, नक्की. जीपनेच येईन.

काउंटरवाला: ठेवला?

आई: ठेवला. भली बाई आहे. आवाजात खरखर आहे जरा, वाऱ्यात बोलून बोलून झाली असेल. पण भली आहे.

लेक: आई.

आई: काय?

लेक: काही नाही.

आई: काही नाही तर मग बघत काय बसलीस? डोळे पूस. हा बघतोय.

काउंटरवाला: मी कॉम्प्युटरकडे बघतोय काकू. 'नकाशात चूक. केंद्रप्रमुखांनी फोनवर सांगितले. ग्राहकाच्या आईने...' नाही, ग्राहक तुम्हीच. 'ग्राहकाने स्वतः खात्री केली.' पाठवलं साहेबांना. दोन मिनिटं लागतील.

आई: लागू देत. आता घाई नाही. पडद्यांचं गिऱ्हाईक एव्हाना गेलं असेल.

लेक: परत येईल ते. तुझ्यासारखे पडदे कोण शिवून देणार त्याला?

आई: लाडीगोडी नको. माझा राग गेलेला नाही. तो घरी गेल्यावर काढणार आहे मी.

लेक: काढ. सोमवारपर्यंत वेळ आहे.

आई: सोमवारपर्यंतच कशाला संपवू? मी रोज संध्याकाळी थोडा थोडा काढीन. फोनवर.

काउंटरवाला: आली मंजुरी! साहेबांनी दंड माफ केला. आणि शेरा मारलाय, 'चूक लक्षात आणून दिल्याबद्दल शाबास.' मला. पहिल्यांदाच मारलाय असा.

आई: बघ. आणि फळ्यावर?

काउंटरवाला: फळ्यावर एक गिऱ्हाईक गेलं, एवढंच येईल.

आई: विचारलं कुणी, तर काय सांगशील?

काउंटरवाला: सांगेन, गेलं ते बरं झालं. काकू, इथे सही. हात दुखतोय म्हणाला होतात...

आई: थांबला दुखायचा. कुठे, इथे?

काउंटरवाला: इथे. आणि खाली एकदा. झालं. आजच्या दिवसापुरता फोन चालेल, उद्या सकाळी बंद होईल.

लेक: एवढंच?

काउंटरवाला: एवढंच मॅडम. सुटलात तुम्ही.

लेक: मला वाटलं होतं यात अख्खा दिवस जाईल. आई, चल, चहा पाजते तुला. कोपऱ्यावर.

आई: चल. थांब जरा. अरे, हा नंबर आता कुठे जातो?

काउंटरवाला: नंबर? काही दिवस तसाच पडून राहतो. मग कुणाला तरी देतात. नव्या माणसाला.

आई: म्हणजे दुसराच कोणीतरी उचलणार?

काउंटरवाला: हो. तुम्हाला नंबर ठेवायचा असेल तर साध्या कार्डावर घालून देतो. करार नाही, काही नाही. तुम्हीच वापरा.

लेक: घे ना आई. तुला होईल.

आई: नको गं. मला कोण करणार आहे त्याच्यावर? तुझ्या मैत्रिणी करतील आणि मी त्यांना उत्तरं देत बसू? दुकानातला आहे तो पुरे. तुला तो पाठ आहे ना?

लेक: आहे. शाळेत असल्यापासून.

आई: मग झालं तर. जाऊ दे हा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

काउंटरवाला: नक्की ना काकू? एकदा गेला की परत मिळायचा नाही.

आई: नक्की. फक्त माझं एक काम कर.

काउंटरवाला: सांगा ना.

आई: दुपारी मशिन थांबवली की माझी बोटं आपोआप तो नंबर फिरवतात. बघावंही लागत नाही मला. तेव्हा ज्या कुणाला तो द्याल, त्याला एवढं सांगून ठेवा, की सुरुवातीला एकदोनदा एका बाईचा चुकून फोन येईल. वैतागू नकोस म्हणावं.

काउंटरवाला: सांगेन काकू. आणि त्याने विचारलं, काय काम असतं त्या बाईंचं, तर?

आई: काम काही नसतं रे. जेवलीस का, एवढंच विचारेल आणि ठेवून देईल.